रिइन्फोर्समेंट शेड्यूल आणि आपल्या सवयी: इंदूरच्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे लोकमान्यनगर असो की सुदामानगर, हळदीकुंकवाला गेलं तरी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, अहो पोरगा मोबाइल सोडत नाही, काय करू. प्रश्न वेगवेगळे असतात पण फिरून फिरून मी एकच सांगत असते, बक्षीस केवढं आहे ते नंतर बघा, आधी ते कधी आणि कितव्यांदा मिळतंय ते बघा. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. ओळीने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

रिइन्फोर्समेंट शेड्यूल म्हणजे नक्की काय हो?

आपण काहीतरी करतो, त्यापाठोपाठ काहीतरी घडतं, आणि त्यामुळे ती गोष्ट आपण पुढे जास्त वेळा करायला लागतो, तर त्या घडण्याला रिइन्फोर्समेंट म्हणायचं, मराठी पुस्तकांत प्रबलन. पैसे, शाबासकी, जलेबी, नुसतं कोणी वळून बघणं, काहीही चालतं, अट एकच की वागणं वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर तुम्ही कितीही महागडी सायकल आणून द्या, ते प्रबलन झालंच नाही. आता हे दर वेळी द्यायचं की कधीमधी, दहादा केल्यावर द्यायचं की दहा मिनिटांनी, हा जो नियम असतो ते शेड्यूल. आणि गंमत म्हणजे घराघरांत हे नियम कोणी बसून ठरवत नाही, ते आपोआप पडून जातात, सगळी भानगड तिथेच होते.

हे शोधलं कोणी? तो कुत्र्याची लाळवाला ना?

नाही, तो पावलोव्ह. त्याच्या कुत्र्याला काही करावं लागत नव्हतं, घंटीसारखी खूण झाली की लाळ आपसूक यायची. इथे प्राण्याने काही केलं तर मिळतं, म्हणजे गोष्ट वेगळी. त्याची सुरुवात थॉर्नडाइकच्या मांजरांपासून धरतात, १८९८ चं काम, पिंजऱ्यात कोंडलेलं मांजर खटपट करून करून कडी उघडायला शिकतं. मग आला बी. एफ. स्किनर, जन्म १९०४, अमेरिकन, त्याने उंदरासाठी खोका केला, आत एक दांडी, दांडी दाबली की खाण्याची गोळी पडते.

शेड्यूलचा शोध मात्र बऱ्यापैकी आळसातून लागलाय आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्या गोळ्या तेव्हा हाताने बनवाव्या लागायच्या. एका शनिवारी दुपारी त्याने उरलेल्या गोळ्या बघितल्या तर सोमवारी सकाळपर्यंतच पुरतील एवढ्याच होत्या, म्हणजे आता सुट्टीची संध्याकाळ गोळ्या वळण्यात घालवा. त्याने विचार केला, दर वेळी कशाला द्यायची, मिनिटाला एकच देऊ. त्याला वाटलं असेल उंदीर दांडी सोडून देतील, पण ते दाबतच राहिले, आणि किती वेगाने दाबतात याला एक ठरावीक घाट आला. पुढे चार्ल्स फर्स्टरबरोबर त्याने कबुतरांवर ढीगभर प्रयोग केले आणि १९५७ मध्ये दोघांचं या विषयावरचं जाडजूड पुस्तक आलं. त्यातले आलेख आजही वर्गात दाखवतो.

ते चार प्रकार सोप्या भाषेत सांगा ना, परीक्षेला हमखास येतात.

दोन प्रश्न विचारायचे. बक्षीस मोजणीवर आहे की वेळेवर? आणि आकडा ठरलेला आहे की बदलता?

मोजणीवर आणि ठरलेला, हा फिक्स्ड रेशो. आपल्याकडे रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यांत नगावर पैसे मिळतात तसं, इतके नग शिवले की इतके पैसे. यात काम भरभर होतं पण बक्षीस मिळाल्यावर एक थांबा येतो, आणि आकडा जितका मोठा तितका थांबा लांब. गठ्ठा संपवल्यावर नवा गठ्ठा लगेच सोडवत नाही, आधी चहा होतो, मग गप्पा होतात, पण एकदा पहिला नग मशीनखाली गेला की परत सुसाट. आळशीपणा म्हणून मालक ओरडतो, पण कबूतरही हेच करतं हो.

मोजणीवर पण बदलता, हा व्हेरिएबल रेशो. विमा एजंटला माहीत असतं की सरासरी इतक्या फोनांनंतर एक पॉलिसी निघते, पण कुठल्या फोनला निघेल हे माहीत नसतं, म्हणून तो लावत सुटतो. चौघांत सर्वात जास्त वेग याचाच, थांबा जवळजवळ नाहीच. जुगाराची सगळी यंत्रं याच जातीची. आता अगदी काटेकोर बोलायचं तर यंत्रात प्रत्येक डावाची शक्यता सारखीच असते, त्याला रँडम रेशो म्हणतात, पण परीक्षेत एवढं लिहायला जाऊ नका.

वेळेवर आणि ठरलेला, फिक्स्ड इंटरव्हल. इथे ठरलेला वेळ गेल्यावर जी पहिली कृती होईल तिला बक्षीस, त्याआधीच्या सगळ्या फुकट. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि वेळही साधारण माहीत असते, तर आदल्या रात्री कोण नळ उघडून बघतं? कोणी नाही. वेळ जवळ आली की मात्र आजी दोन दोन मिनिटांनी जाऊन चावी फिरवते. आधी सपाट आणि शेवटी चढती, अशी जी रेघ आलेखावर येते तिला स्कॅलप म्हणतात.

वेळेवर पण बदलता, व्हेरिएबल इंटरव्हल. मुलगी पुण्याला नोकरीला, तिचा मेसेज कधी येईल नेम नाही, तर आई दिवसभर अधूनमधून फोन उचलून बघते, घाई नाही पण खंडही नाही. दर मिनिटाला बघून मेसेज लवकर थोडाच येणार आहे, म्हणून वेग मध्यम.

महिन्याचा पगार फिक्स्ड इंटरव्हल आहे, असं गाइडमध्ये लिहिलंय. बरोबर?

गाइडमध्ये आहे, बऱ्याच पुस्तकांतही आहे, आणि मला ते पटत नाही. फिक्स्ड इंटरव्हलचा नियम म्हणजे महिनाभर काही केलं नाही तरी चालेल, एक तारखेला एकदा कीबोर्ड दाबला की पैसे. अशी नोकरी असेल तर मलाही कळवा. पगाराच्या मागे हजेरी, साहेबाचं बोलणं, नोकरी जाण्याची भीती, सहकाऱ्यांसमोरची लाज असं बरंच काही चालू असतं. मार्क मात्र हवे असतील तर गाइडमधलं लिहा.

इंदूर स्वच्छतेत सारखं पहिलं येतं, त्यातही हेच शास्त्र आहे का?

थोडं आहे, सगळं नाही. २०१७ पासून आपण वर आहोत, आणि त्याचं मोठं कारण साधं आहे की कचऱ्याची गाडी रोज ठरल्या वेळी गाणं वाजवत दारात येते, म्हणजे योग्य वागायला कष्टच पडत नाहीत. हा शेड्यूलचा भाग नाही, ही सोय आहे, आणि सोय नसेल तर कुठलंही शेड्यूल चालत नाही. रस्त्यावर टाकलं तर स्पॉट फाइन, ती शिक्षा. पण ज्यावरून शहरांचा नंबर लागतो त्या स्वच्छ सर्वेक्षणाचा भाग मात्र मला शिकवताना फार कामाला येतो. वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला तपासणी असती तर काय झालं असतं हे शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा बघितलंय सगळ्यांनी, आदल्या आठवड्यात चुना, रांगोळी, आणि दुसऱ्या दिवसापासून जैसे थे. टीम कुठल्या दिवशी कुठल्या गल्लीत शिरेल हे आधी कळत नसेल तर तो व्हेरिएबल इंटरव्हल होतो आणि वर्षभर जरा तरी बरं ठेवावं लागतं.

शेवटच्या क्षणाच्या धावपळीचं आणखी एक उदाहरण, १९७२ मध्ये दोघा संशोधकांनी अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, किती विधेयकं कधी पास करते याचा आलेख काढला होता, अधिवेशनाच्या सुरुवातीला सपाट आणि शेवटी उभी चढण, हुबेहूब कबुतरासारखा. दिसायला सारखा आहे पण ती मुदत आहे, मुदत चुकली तर विधेयक बुडतं, फिक्स्ड इंटरव्हलमध्ये उशीर झाला तरी दाणा कुठे जात नाही. हा फरक लोक विसरतात.

मुलगा रडायला लागला की मी बहुतेक वेळा मोबाइल देत नाही, अगदीच आकांत केला तरच देते. तरी रडणं वाढतंच चाललंय, असं का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

ताई, तुम्ही दर वेळी दिला असता तर सवय मोडणं सोपं गेलं असतं. ऐकायला उलटं वाटतं पण हे पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टींपैकी आहे, हम्फ्रीजने १९३९ मध्येच दाखवलं होतं की कधी मिळतं कधी नाही अशा पद्धतीने शिकलेली गोष्ट, बक्षीस पूर्ण बंद केल्यावरही जास्त वेळ टिकते. कारण बघा, ज्याला दर वेळी मिळत होतं त्याला बंद झाल्याचं दोनचार वेळांत कळतं. ज्याला पाचव्यांदा, कधी नवव्यांदा मिळत होतं त्याला आठ वेळा नाही मिळालं तरी त्यात नवीन काय? तो नवव्यांदाची वाट बघतोय. आणि तुम्ही आकांत झाल्यावरच देताय, म्हणजे साधं रडणं बाद आणि मोठं रडणं पास, तुम्ही नकळत त्याला आवाज वाढवायचं ट्रेनिंग देऊन राहिलाय.

यात तुमचंही ट्रेनिंग चालू असतं. फोन दिला की रडणं थांबतं, डोकं शांत होतं, म्हणून पुढच्या वेळी हात आणखी लवकर फोनकडे जातो. त्याला फोन मिळाला, तुम्हाला शांतता मिळाली, दोघांचीही सवय घट्ट.

आता बंद करायचं ठरवलंत तर पहिले काही दिवस रडणं वाढू शकतं. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, लिफ्टचं बटण चाललं नाही की आपण तेच बटण जोरजोरात दाबतो ना, ते. नेमक्या या टप्प्यावर घरातलं कोणीतरी वितळतं, आणि तेव्हा दिलं तर सर्वात मोठ्या आकांताला सर्वात मोठं बक्षीस मिळालं. आजोबांना आधी विश्वासात घ्या. तुम्ही कडक आणि आजोबा मागच्या खोलीत गुपचूप देणार, तर तेही शेड्यूलच झालं आणि फार चिवट प्रकारचं.

मग द्यायचाच नाही का मोबाइल?

द्या की, पण रडण्याच्या आधी द्या, आणि रडण्याशी संबंध नसलेल्या वेळी द्या. जेवणानंतर अर्धा तास असं ठरवलं तर त्या अर्ध्या तासाला रडून काही फरक पडत नाही. शिवाय तो शांतपणे काही मागेल तेव्हा लगेच लक्ष द्या, सुरुवातीला दर वेळी. घरोघरी होतं उलटंच, मूल शांत खेळत असलं की आपण म्हणतो बरं आहे बाई, आणि तिकडे बघतही नाही.

निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षाच ना?

नाही. शिक्षेने वागणं कमी होतं, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंटने वाढतं. नकोसं काही दूर झालं म्हणून आपण ती गोष्ट पुन्हा करतो, गाडीतली टूंटूं बंद व्हावी म्हणून बेल्ट लावणं हे झालं निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट.

हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही, हे मग कशात बसतं?

चांगला प्रश्न आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरमध्ये कलेक्टरांच्या आदेशाने हे सुरू झालं. हेल्मेट घातलं की पेट्रोल मिळतं, म्हणजे बक्षीस आहे, पण कोणत्या कृतीला? पंपावर डोक्यावर हेल्मेट असण्याला. रस्त्यावर घालण्याला त्यात काही मिळत नाही. म्हणून लोक लगेच काय शिकले, तर मागच्याकडून, भिया जरा दे ना, म्हणत दोन मिनिटांसाठी हेल्मेट मागून घ्यायला. लोक बदमाश आहेत असं म्हणून सोडून देऊ नका, त्यांनी नियम जसा आहे तसाच पाळलाय. बक्षीस ज्या कृतीला चिकटतं तीच वाढते, आपल्या मनात कुठली होती याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

रील्स बघताना थांबताच येत नाही. डोपामिनमुळे ना?

डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल असं सगळीकडे लिहिलेलं असतं ते जरा अर्धवट आहे. शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांवर काम केलं, १९९७ चा त्यांचा लेख गाजला. माकडाला रस मिळायचा तेव्हा डोपामिनच्या पेशी सुरुवातीला रस मिळाल्यावर पेटायच्या, पण खूण झाली की रस येतो हे कळल्यावर त्या खुणेलाच पेटायला लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प. खूण होऊन रस आलाच नाही तर नेहमीपेक्षाही खाली. म्हणजे त्या पेशी अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक सांगतात. पुढे २००३ मध्ये असंही दिसलं की मिळायची शक्यता अर्धी अर्धी असते तेव्हा त्या वाट बघण्याच्या काळात काही पेशींची हालचाल सर्वात जास्त चढते.

आता रील्स बघा. एक फालतू, दुसरं फालतू, तिसरं बरं, चौथं फालतू आणि पाचव्याला हसून हसून पुरेवाट. अंगठा वर करणं ही कृती, कितव्यांदा चांगलं लागेल माहीत नाही, म्हणजे व्हेरिएबल रेशो, आणि वर कष्ट शून्य. त्यात पान संपतच नाही, ती खालीखाली सरकत राहणारी रचना अझा रास्किनने २००६ मध्ये केली आणि नंतर स्वतःच जाहीरपणे त्याबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. पैसे पाठवले की येणारं स्क्रॅच कार्डही त्यातलंच, बहुतेक वेळा काही लागत नाही पण खरवडल्याशिवाय राहवत कुणाला नाही.

नोटिफिकेशन बंद करून तुमच्या ठरलेल्या दोन वेळांना मेसेज बघायचे असं करून बघा, बदलत्या वेळेचं ठरलेल्या वेळेत रूपांतर केलं की मधल्या वेळात उचलून बघणं कमी होतं.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आता बंद झाले ना? मग काळजी कशाला?

२०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, हो. पण ज्याची सवय व्हेरिएबल रेशोवर पक्की झालीय त्याची ओढ कायद्याच्या तारखेला संपत नाही. आणखी एक गोष्ट, थोडक्यात हुकणं. तीनपैकी दोन चित्रं जुळली आणि तिसरं जरासं चुकलं की हरलेलाच असतो माणूस, पण त्याला पुन्हा खेळावंसं वाटतं, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये जिंकण्याशी जोडलेले भागही तेव्हा जागे झालेले दिसलेत. घरातल्या कोणाला समजावताना, तू हरतोस तरी खेळतोस कसा, असं विचारू नका, त्याला तो हरलाय असं वाटतच नाहीये.

माणूस काय कबूतर आहे का?

नाही, आणि हे शाळेतल्या मोठ्या मुलांवर प्रयोग केले की लगेच दिसतं. फिक्स्ड इंटरव्हलवर मोठी माणसं स्कॅलप देतच नाहीत बऱ्याचदा, एक तर सतत दाबतात नाहीतर मनात आकडे मोजून शेवटी एकदाच दाबतात. १९८३ मध्ये वेल्समधल्या बँगरच्या संशोधकांनी बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळांवर हे करून बघितलं तर बाळांचा आलेख प्राण्यांसारखा आला. म्हणजे भाषा आली की आपण स्वतःला नियम सांगायला लागतो, आणि तो नियम चुकीचा असला तरी त्याप्रमाणे वागतो. भंवरकुआंच्या क्लासेसमध्ये एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी मुलं परीक्षेची तारीख पुढे गेली की एकदम ढिली पडतात, तो निव्वळ स्कॅलप नाही, त्यात आशा, घरचे पैसे, वय सगळं आलं. तरी क्लासमध्ये न सांगता घेतलेल्या छोट्या टेस्टमुळे अभ्यास एकसारखा चालू राहायला मदत होते हे खरं, मात्र रोजच धसका बसेल इतक्या घेऊ नका.

बक्षीस दिल्याने मुलांची आवड मरते का? आमच्याकडे तबल्याच्या रियाझाला चॉकलेट देतो.

मुलगा मुळात आवडीने वाजवत असेल तर देऊ नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, स्केचपेनने चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना घेतलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट देऊ, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं तर आधी कबूल केलेली मुलं चित्रांकडे निम्म्यानेच वळत होती, अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. यावर नंतर पुष्कळ भांडणं झालीत, शाबासकीचा असा तोटा होत नाही असंही निघालं. रियाझाचा कंटाळाच असेल तर सुरुवातीला चॉकलेट चालेल, पण हळूहळू त्याची जागा गणेशोत्सवात चार लोकांसमोर वाजवण्याने घेतली पाहिजे.

मॅचच्या वेळी आमचे हे सोफ्यावरून उठू देत नाहीत. याचं काही शास्त्र?

आहे की! १९४८ मध्ये स्किनरने भुकेल्या कबुतरांना ती काहीही करोत, दर १५ सेकंदांनी दाणा द्यायला सुरुवात केली. आठपैकी सहा पक्ष्यांनी आपापली तऱ्हा धरली, एक गोल फिरायचा, एक कोपऱ्याकडे मान झटकायचा, दाणा आला तेव्हा जे चाललं होतं तेच पुन्हा पुन्हा. १९७१ मध्ये दुसऱ्यांनी नीट तपासून सांगितलं की त्यातल्या बऱ्याच हालचाली खाण्याची वेळ झाल्यावर कबूतर तसंही करतंच, तेव्हा स्किनरचा अर्थ पूर्ण धरून चालू नका. पण ८ डिसेंबर २०११ ला होळकर स्टेडियममध्ये सेहवागने २१९ काढल्या तेव्हा घरात जो जिथे बसला होता तो तिथेच बसवून ठेवला गेला असणार, एवढं मी पैजेवर सांगते.

स्वतःला नवीन सवय लावायची तर कुठलं शेड्यूल धरू?

सुरुवात दर वेळी बक्षिसाने, आणि तेही लगेच, रविवारी छप्पन दुकानला खायला जाऊ असं सोमवारी ठरवून काही होत नाही. जम बसला की अंतर वाढवायचं, दोनदा केल्यावर, मग तीनचारदा, मग कधीही. एकदम पंचवीसवर उडी मारली तर सवय कोसळते, त्याला रेशो स्ट्रेन म्हणतात, फेब्रुवारीतले जिम बघा.

चिठ्ठ्यांचीही एक पद्धत आहे, नॅन्सी पेट्रीने अमेरिकेत व्यसन सोडणाऱ्यांसाठी वापरली, २००० साली पहिला अभ्यास आला. तपासणीत नशा निघाली नाही की भांड्यातून चिठ्ठी काढायची, साधारण निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं शाब्बास, बाकीच्यांवर बहुतेक छोटी वस्तू आणि एखाद्या चिठ्ठीवर मोठं बक्षीस. जुगाराचंच तंत्र, पण उलट कामाला लावलेलं, आणि खर्चही कमी. घरी डब्यात चिठ्ठ्या टाकून चालण्याच्या सवयीसाठी हे सहज जमतं, फक्त चिठ्ठ्या दुसऱ्याकडून लिहून घ्या.

हे नवऱ्यावर चालतं का?

चालतं. तुमच्यावरही चालूच आहे.

हे सगळं करूनही हाताबाहेर गेलं तर?

पैशाचे व्यवहार लपवले जाताहेत, कर्ज झालंय, मूल फोन काढून घेतल्यावर स्वतःला मारून घेतंय, झोप जेवण सुटलंय, असं काही असेल तर घरच्या घरी शेड्यूलचे प्रयोग करत बसू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञाला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवा. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि भाषा निवडता येते, त्यामुळे आजोबांनाही फोन लावून देता येईल.